पूजेच्या चाळीस रिंगा

सिल्वासाजवळ खडोलीला आमचा कारखाना होता आणि तिथे आम्ही गाड्यांची स्टिअरिंग बनवायचो. लोक म्हणायचे, त्यात एवढं काय आहे, गोल कडं तर आहे. असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सरकायचं. गाडीतल्या सगळ्या वस्तूंपैकी माणूस जिला सतत हात लावून बसतो अशी ही एकच वस्तू, आणि तिच्याबद्दल या देशात कुणी पाच मिनिटंसुद्धा विचार केलेला नाही, असं माझं ठाम मत होतं. मी नाशिकचा, पुण्यात चार वर्षं नोकरी करून आलेला, तिशीच्या आतला. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. करसवलतीच्या ओढीने आजूबाजूला रोज नवी शेड उभी राहत होती आणि आपण नसतो तर या शेडींचं काही खरं नव्हतं, असं आम्हा सगळ्याच इंजिनिअरांना वाटायचं.

चांगलं स्टिअरिंग कशाला म्हणायचं, याचा मला ध्यास लागला होता. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांची स्टिअरिंग बारीक, टणक आणि गुळगुळीत असायची. उन्हाळ्यात घाम आला की हातातून निसटायची. मोठं वळण घ्यायचं तर माणूस बिचारा मूठ आवळून आवळून दमायचा. माझ्या मते कड्याची जाडी अशी हवी की मूठ मिटल्यावर अंगठा मधल्या बोटाला जेमतेम टेकावा. मागच्या बाजूला बोटं बसायला हलके उंचवटे हवेत. दांड्या अशा जागी हव्यात की अंगठे त्यांच्यावर विसावतील आणि समोरचे काटेही झाकले जाणार नाहीत. हॉर्न वाजवायला हात उचलावा लागला तर ते स्टिअरिंग फुकट. पृष्ठभाग चमकता कामा नये, नाहीतर दुपारी त्याची तिरीप काचेवर दिसते. आणि समोरून धडक बसलीच तर कडं वाकलं पाहिजे, छातीत घुसता कामा नये.

मुठीचं माप घ्यायला माझ्याकडे कुठलंच यंत्र नव्हतं. मग मी एका सळईवर घट्ट मळलेली कणीक थापायचो आणि सिल्वासातल्या आमलीच्या नाक्यावर थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरांना ती वळणावर धरतात तशी धरायला सांगायचो. ते हसायचे, पण धरायचे. घरी टेबलावर असे ठसे वाळत पडलेले असायचे. बायको विचारायची, आज पोळ्या करू की स्टिअरिंग करू. त्या ठशांवरूनच मी आमच्या नव्या स्टिअरिंगचं ड्रॉइंग केलं, आणि एका मोटार कंपनीने त्याचे चाळीस नमुने मागवले.

त्या स्टिअरिंगच्या आत लोखंडी सळईचा सांगाडा असायचा. एक गोल, तीन दांड्या आणि मधला तुंबा, म्हणजे हब. कारखान्यात त्याला सगळे रिंग म्हणत. रिंग साच्यात ठेवायची, वरून फोम ओतायचा, फोम फुगून घट्ट झाला की झालं स्टिअरिंग. फोम सळईला चिकटला पाहिजे, हा या कामातला पहिला धडा. म्हणून प्रत्येक रिंग आधी टाकीतल्या तेल काढणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये धुवायची, कोरडी करायची आणि मगच साच्यात घालायची. धुतलेल्या रिंगेला कुणाचं तेलकट बोट लागलं तरी मी सगळी शेड डोक्यावर घ्यायचो.

रिंगा घासून साफ करायचं काम एका म्हाताऱ्याकडे होतं. तो जळगावकडचा. आधी कुठल्याशा गिरणीत होता, ती बंद पडल्यावर इकडे आला. सगळे त्याला बाबा म्हणत, मीही बाबाच म्हणायचो. कामात चोख, बोलायला कमी. पावसाळाभर आमच्याकडची हवा इतकी दमट असायची की सकाळी घासलेली रिंग संध्याकाळी तांबूस दिसायची, आणि त्या तांबूसपणाचा बाबांना मनापासून राग होता.

त्या वर्षी खंडेनवमीच्या दुपारी मशिनं थांबली, शेड झाडून झाली, आंब्याची तोरणं लागली. पूजेसाठी बाबांनी त्या चाळीस रिंगा प्रेससमोर एकीवर एक अशा उतरंडीसारख्या रचायला घेतल्या होत्या. मी ऑफिसातून येऊन दारात उभा राहिलो. बाबांची माझ्याकडे पाठ होती. मांडीजवळ एक वाटी होती, तिच्यात घरून आणलेलं खोबरेल. फडक्याची चिंधी त्यात बुडवून ते एकेक रिंग पुसत होते, अगदी दांडीच्या सांध्यापर्यंत, लहान मुलाला न्हाऊ घालण्याआधी तेल लावतात तसं. देवापुढे गंजकं लोखंड ठेवायचं नाही, एवढाच त्यांचा विचार असणार.

मी पाहिलं. पूर्ण पाहिलं. एरवी मी ओरडलो असतो. पण सणाचा दिवस, सगळे खुशीत, आणि पूजेत खोडा घालणारा शहाणा साहेब म्हणून मला नाव पाडून घ्यायचं नव्हतं. शिवाय रिंगा साच्यात जाण्याआधी धुतल्या जातातच की, असं मनाशी म्हणालो. दारातूनच परत फिरलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. धुण्याची टाकी सुट्टीसाठी रिकामी केलेली होती, ती भरायची होती. पण साच्यावरच्या मंडळींनी परस्पर ठरवलं की पहिला मान पूजेच्या रिंगांचा, आणि त्यांच्यावर कुंकू असल्यामुळे त्या धुवायच्या नाहीत. पूजेचं कुंकू कुणी धुतं का? फुलं काढली, आणि पहिली रिंग तशीच साच्यात गेली. कारखान्याचे मालक, आमचे शेठ, स्वतः पेढ्यांचा डबा घेऊन उभे होते आणि शकुन कसा छान आहे हे गुजरातीत सगळ्यांना सांगत होते. मीही तिथेच होतो. दांडीवर कुंकवाचा ठिपका होता आणि सळई लख्ख चमकत होती. ती कशाने चमकते आहे हे त्या शेडमध्ये माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं. मी पेढा खाल्ला.

स्टिअरिंग बाहेर आल्यावर मी ते तपासणीच्या खांबावर चढवून पिळून पाहिलं. घट्ट होतं. फोम थंड होताना आक्रसतो आणि सळईला आवळून बसतो. त्यामुळे न चिकटलेला फोमही चिकटल्यासारखा वाटतो, विशेषतः ज्याला तसं वाटून घ्यायचं असतं त्याला. दोन दिवसांत चाळीसच्या चाळीस तयार झाली.

त्यातलं पहिलं मी नाशिकला ताईकडे घेऊन गेलो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दाजी, म्हणजे तिचे यजमान, शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती आणि तिचं स्टिअरिंग म्हणजे मी ज्याला नावं ठेवायचो त्याचा अगदी नमुना. बारीक, काळं, गुळगुळीत, एका जागी तडा गेलेलं. शेठना विचारून मी पूजेचं पहिलं स्टिअरिंग त्यांच्यासाठी नेलं आणि त्या रविवारी अंगणात स्वतः बसवलं. ताईने त्याला हळदकुंकू वाहिलं. शेजारणीला बोलावून, माझ्या भावाने केलंय, असं तिने दोनदा सांगितलं. दाजींना जुन्या स्टिअरिंगवर रेक्झिनचं कव्हर घालायची सवय होती. मी त्यांना बजावलं की याला कव्हर घातलंत तर तो माझा अपमान समजेन. जुनं स्टिअरिंग मी सोबत आणलं आणि ऑफिसच्या भिंतीवर टांगलं. स्टिअरिंग कसं नसावं हे येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्यावर बोट ठेवून सांगायचो.

भाऊबीजेला ताई, दाजी आणि त्यांची दोन मुलं त्याच गाडीने आमच्याकडे येणार होती.

दिवाळीला कारखाना चार दिवस बंद होता. बाबा गावी गेले नव्हते, त्यांनी गेटवर राखणीचं काम घेतलं होतं. भाऊबीजेच्या सकाळी आठच्या सुमाराला ते सायकल मारत आमलीला माझ्या घरी आले. बायको फराळाची ताटली घेऊन पुढे झाली, त्यांनी हात लावला नाही.

“सायेब, जरा फॅक्टरीत चाला,” ते म्हणाले. “रिंगीवर फोम फिरून राह्यला.”

स्कूटरवर मागे बसून त्यांनी बाकीचं सांगितलं. काल दुपारी कुणी नाही असं पाहून ते तपासणीच्या स्टुलावर बसले होते. इतकी वर्षं स्टिअरिंगच्या रिंगा घासल्या, पण उभ्या जन्मात गाडी चालवली नव्हती. खिडकीजवळ उन्हात पडलेलं एक स्टिअरिंग त्यांनी खांबावर चढवलं आणि चालवून पाहिलं. दोनदा नीट फिरलं. तिसऱ्यांदा हातातलं कडं फिरलं आणि मधला तुंबा जागच्या जागी राहिला. मग त्यांनी आणखी चार उन्हात ठेवली आणि पिळली. चारही फिरली. गेट सोडता येईना, म्हणून सकाळचा माणूस येईपर्यंत थांबले आणि तडक निघाले. हे सगळं सांगताना त्यांच्या आवाजात काही चढउतार नव्हता.

मी शेडमध्ये जाऊन स्वतः पिळून पाहिलं. ऊन लागलेलं पहिलंच माझ्या मुठीत वळलं. तीन ठिकाणी, जिथे दांड्या कड्याला मिळतात तिथे, फोम अजून अडकून होता. तेवढ्याच आधारावर ते स्टिअरिंग उभं होतं. आणखी जोर दिला तर एका सांध्याशी फोम फाटला. तिन्ही फाटले की माणूस कडं फिरवत राहील आणि गाडी सरळ जाईल. फाटलेल्या जागेतून आतली सळई दिसत होती. तिला अजून खोबरेलाचा वास येत होता.

एकोणचाळीस इथे होती, दिवाळीनंतर रवाना व्हायची. चाळिसावं घाटात होतं.

ऑफिसातून नाशिकला लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा ट्रंक कॉल, लावला. ताईकडे फोन नव्हता, शेजारी होता. कॉल लागायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मी रिसीव्हरकडे पाहण्यापलीकडे काही केलं नाही. शेजारीण म्हणाली, सहालाच निघाले. कुठल्या रस्त्याने, विचारलं. तर म्हणाली, सर पेठवरून जायचं म्हणत होते, लवकर पोहोचतो म्हणून. पण वहिनी म्हणत होत्या की त्र्यंबकला नमस्कार करून मोखाडा, जव्हारवरून जाऊ. मी विचारलं, मग ठरलं काय. तिला ठाऊक नव्हतं.

दोन्ही रस्ते घाटाचेच. एकावर गेलो तर दुसरा सुटणार. फोन ठेवता ठेवता मी ठरवलं. आमच्या घरात ताईने एकदा म्हटलं म्हणजे ते झालंच. गणिताचे मास्तर असले तरी दाजींचं उत्तर शेवटी ताईच्या उत्तराशी जुळायचं.

कारखान्याची जीप होती, ड्रायव्हर रजेवर. मी किल्ली घेतली. बाबा न विचारता शेजारी येऊन बसले. त्यांच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. काय आहे हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

खानवेलपर्यंत मी काय चालवलं ते मला आठवत नाही. रस्ता अरुंद, भाऊबीजेला निघालेल्या माणसांनी भरलेल्या ट्रॅक्स गाड्या समोरून येत होत्या. जीपचं स्टिअरिंग ढिलं होतं, बोटभर फिरवल्यावर गाडीला कळायचं. एरवी मी त्याला शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी वाटलं, ढिलं आहे पण तसं सांगतंय तरी. स्टिअरिंगचं खरं काम हेच असतं. खाली रस्ता कसा आहे, चाकं कुठे वळली आहेत, काय बिघडलं आहे, ते हाताला कळवायचं. माझं स्टिअरिंग मऊ होतं, मुठीत छान बसत होतं, आणि त्याने दाजींना काहीच कळवलं नसेल. एकदम हातात फिरलं असेल. ‘असेल’ हा शब्द मनात आला की मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबायचो.

खानवेल मागे पडल्यावर बाबा बोलले.

“तेल मीच लावलं, सायेब. पूजेच्या दिवशी.”

मी गिअर बदलला. पुढे वळण होतं, वळण घेतलं. आता बोलावं असं वाटलं, खरंच वाटलं. मी पाहिलं होतं, बाबा, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ताईच्या मुलांना मी त्या गाडीत बसवलं असं झालं असतं, आणि ते ऐकायची तेव्हा माझी छाती नव्हती. मी पुन्हा गिअर बदलला. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

चढण लागल्यावर प्रत्येक वळणाच्या अलीकडे मी श्वास धरायचो आणि पलीकडे रस्ता मोकळा दिसला की सोडायचो. कडेचे पांढरे दगड मोजत होतो. कुठे एखादा पडलेला दिसतो का, तेवढंच पाहत होतो. एका वळणापलीकडे वीस-पंचवीस माणसं दरीच्या कडेला उभी राहून खाली वाकून बघत होती. जीप थांबवली, पण मला उतरता येईना. बाबा उतरून गेले. कुणाची तरी म्हैस खाली गेली होती. त्यांनी लांबूनच हात हलवला, तरी ते जवळ येऊन तोंडाने सांगेपर्यंत माझा विश्वास बसला नाही.

जव्हार पाच-सहा किलोमीटरवर आलं असेल. उताराला एका ऐनाच्या झाडाखाली दाजींची गाडी उभी होती. मागच्या चाकांना दगड लावलेले. दोन्ही मुलं बॉनेटवर बसून करंज्या खात होती. ताई पदराने वारा घेत होती. मला पाहून तिला आनंद झाला आणि लगेच ती बावरली.

मी धावत गाडीपाशी गेलो आणि खिडकीतून आत पाहिलं. स्टिअरिंगवर कव्हर होतं. सुतळीने उभं-आडवं शिवलेलं, जुन्या चादरीचं कव्हर. इतक्या धावपळीनंतर, पोरं समोर धडधाकट दिसत असताना, माझ्या मनात पहिला विचार काय आला तर, यांना एवढं सांगूनही यांनी कव्हर घातलंच. माणूस काय असतो पाहा. राग घेऊनच मी हात आत घातला, आणि सुतळी बोटांना लागली. ती कव्हरसाठी नव्हतीच. कड्याला वेढे घालून प्रत्येक दांडीशी गच्च बांधलेली होती, पिशवीचा तुटलेला बंद बांधतात तशी. एका दांडीपाशी ती घासून तुटली होती.

दाजी शांतपणे सांगायला लागले, वर्गात सांगावं तसं. कोजागिरीनंतर लगेच पहिल्यांदा कडं मुठीत जरा सरकलं. मग रोज थोडं. शाळेच्या वाटेवर काही वाटायचं नाही. ताईने चादर घालून सुतळीने बांधून दिलं. आज मोखाडा सोडल्यावर एका वळणात सुतळी तुटली आणि कडं सगळंच फिरलं. गाडी डोंगराच्या बाजूला चरात गेली. दुसऱ्या बाजूला गेली असती तर, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी दांड्या धरून गाडी इथपर्यंत आणली होती. इंजिन निवलं की पुढेही दांड्या धरूनच हळूहळू यायचं, असा त्यांचा बेत होता.

पंधरा दिवस. पंधरा दिवस हे दोघं जाणून होते. कारखान्याचा फोन नंबर त्यांच्या कॅलेंडरवर मी स्वतः लिहून आलो होतो. मी ताईकडे वळलो.

“तू एवढ्या हौसेनं बसवलं होतंस रे,” ती म्हणाली. “सणाच्या तोंडावर कशाला तुला वाईट वाटू द्यायचं? ओवाळून झालं की सांगणारच होते.”

मी तिच्यावर ओरडलो. मोठ्या बहिणीवर, भाऊबीजेच्या दिवशी, भर रस्त्यात, दाजींसमोर. पोरं होती गाडीत, हे मी तीन-तीनदा बोललो. मुलं करंजी हातात तशीच धरून बघत राहिली. ताईचे डोळे भरले. ती एकदाही उलट बोलली नाही आणि त्यामुळे मला आणखी चीड आली. आज कळतं की त्यातली निम्मी चीड तिच्यावर नव्हतीच.

तेवढ्यात मागून लोखंड वाजलं. बाबांनी जीपमधून गोणपाट आणून जमिनीवर सोडलं होतं. त्यात स्टिअरिंग ओढून काढायचा पुलर होता, मोठा पाना होता, आणि माझ्या ऑफिसच्या भिंतीवरचं ते बारीक, काळं, तडा गेलेलं जुनं स्टिअरिंग. मी फोनपाशी बसलो असताना त्यांनी ते खिळ्यावरून काढलं होतं. एवढ्या शिकलेल्या माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. मी नुसताच धावत सुटलो होतो, दाजींना गाठल्यावर करणार काय याचा विचारच नव्हता.

आम्ही दोघांनी ते बसवलं. बाबांनी धरलं, मी नट आवळला. दाजी आत बसले, दोन्ही हात ठेवले, डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं. पुढची चाकं खडीवर करकरत वळली. दाजींचे खांदे खाली आले. ज्याला मी गेले पंधरा दिवस लोकांसमोर नावं ठेवली होती, त्याच स्टिअरिंगवर ती चौघं सिल्वासाला आली. मी जीप घेऊन मागे राहिलो आणि सगळ्या वाटेने त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकांवरून नजर काढली नाही. काढलेलं स्टिअरिंग बाबांच्या मांडीवर होतं. त्याच्यावरची सुतळी ते सोडवत होते आणि बोटाला गुंडाळून तिची लडी करत होते.

घरी पोहोचायला तीन वाजले. बायको दारातच उभी होती. तिला कुणी फार काही सांगितलं नाही, पण चेहऱ्यांवरून तिला कळलं. जेवणाआधी ओवाळून घेऊ, ताई म्हणाली. तिने रांगोळी काढून एक पाट मांडला. मग थांबून तिने दुसरा पाट मागितला आणि बाबांना बसायला सांगितलं. त्यांच्या बहिणी तिकडे खानदेशात, कोण ओवाळणार त्यांना. बाबा दारापाशीच उभे राहिले.

“ताई, ते तेल मीच लावलं व्हतं,” ते म्हणाले. “माह्या हातून झालं ते.”

“मग आता मी लावते,” ताई म्हणाली. “बसा.”

बाबा टोपी काढून बसले. मी शेजारी बसलो. आमच्याकडे ओवाळण्याआधी बहीण भावाच्या डोक्याला तेल लावते. ताईने वाटी घेतली, बोटं बुडवली आणि आधी बाबांच्या विरळ केसांवर तेल थापलं. खोबरेलच होतं. सकाळी फाटलेल्या फोममधून आलेला तोच वास. ती वाटी घेऊन माझ्याकडे वळली.

“थांब,” मी म्हणालो. “बाबा तेल लावत होते तेव्हा मी दारात उभा होतो. रिंगा न धुता साच्यात गेल्या तेव्हाही मी तिथेच होतो. मला सगळं दिसत होतं.”

ताईची बोटं वाटीत तशीच राहिली. दाजींनी धाकट्याला जवळ ओढून घेतलं आणि त्याच्या शर्टाचं बटण लावायला लागले, जे लावलेलंच होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते समोर निरांजनाकडे पाहत होते.

“मले माहीत व्हतं, सायेब,” ते हळूच म्हणाले. “तुमची सावली पडली व्हती रिंगांवर. मंग म्हनलं, सायेब पाहून राह्यले आन् काही बोलून नाही राह्यले, म्हंजे चालते.”

ताईने माझ्या डोक्याला तेल लावलं, दरवर्षीपेक्षा जरा जास्तच, आणि तबक उचललं.